एकवीस दिवसांचा लेप

रविवारी सकाळी लॉन्ड्रीमागच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नसे. बहुतेक गर्दी विशी-पंचविशीतली. कुणी तोंडाला रुमाल बांधलेला, कुणी ओळखीचं माणूस दिसताच भिंतीकडे तोंड फिरवणारं. ज्या जागेचं नाव घरी काढता येत नाही, तिथल्या फोडावर लेपवाले बाबा लेप देत आणि एकवीस दिवसांत फोड जाई. अगदी खरोखर जाई. लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांना खोटं कोण पाडणार?

"लेप राखेचा, तेज गुरूंचं," बाबा सांगत. "रोग काय, रोगाचा बापही उलट्या पावली पळतो. आणि एकदा लेप लागला की अंगावर कवच चढलं. मग ते कंडोम-बिंडोम कशाला? भर उन्हात कुणी रेनकोट घालतं का?"

हशा पिकायचा. मग लॉन्ड्रीतला एक इस्त्रीवाला उभा राहून साक्ष द्यायचा. त्याला सगळे 'कडक' म्हणत. "तीन आठवड्यांत डागसुद्धा राहिला नाही," एवढंच तो बोलायचा, पण मनापासून.

दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरांच्या कानांवर हे सगळं येत होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असले तीन बाबा पाहिले होते. पहिल्याशी भांडल्या, दुसऱ्याविरुद्ध अर्ज केले. हे लेपवाले तिसरे; या वेळी त्यांनी फक्त चष्मा पुसला. फुकट कंडोमचा डबा टेबलावर असला तर कुणी हात लावत नसे, म्हणून तो त्यांनी जिन्याखाली नेऊन ठेवला होता. तिथून तो आठवड्यात रिकामा होई.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांची भाची आली. तीही लॉन्ड्रीत चादरी धुवायच्या कामावर होती.

"मावशी, साबण बदललाय. हाताला सोसत नाहीये."

सिस्टरांनी तिचे तळवे उजेडाकडे वळवले. तांबूस डाग होते. "पायाच्या तळव्यांनाही आहेत?"

"आहेत."

"खाजतात?"

"नाही."

सिस्टरांनी उठून दार लावून घेतलं. "बैस. आता मावशीला सांगू नकोस, सिस्टरला सांग."

भाचीनं सांगितलं. दोन महिन्यांनी तिचं कडकशी लग्न होतं. "त्यानं लपवलं नाही, मावशी. फोड आला होता, बाबांनी घालवला. मी स्वतः पाहिलंय. त्याआधी आम्ही काळजी घ्यायचो. मग बाबा म्हणाले, कवच आहे."

"तुला फोड आला होता?"

"नाही."

"आला असेल. बाईला आतला फोड दिसत नाही. दुखतही नाही."

सिस्टरांनी कडकलाही बोलावून घेतलं आणि दोघांचं रक्त तपासलं. सिफिलिस. डॉक्टरांनी दोघांना इंजेक्शन दिलं आणि पुन्हा तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकमेकांपासून दूर राहायला सांगितलं. कडक बाकावर बसून आपल्या तळव्यांवरचे पुसट डाग पाहत होता. इस्त्रीच्या वाफेनं आले असतील, असं तो समजत होता.

"पण फोड गेला होता, सिस्टर."

"तो जातोच. तीन ते सहा आठवड्यांत. लेप लाव, बुटाचं पॉलिश लाव, नाहीतर काहीच लावू नकोस. फोड जातो, जंतू रक्तात राहतात. मग असे डाग येतात, तेही जातात. पुढे वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि एक दिवस काळजाला, मेंदूला लागतं. तुझ्या बाबांनी फक्त कॅलेंडर वापरलं."

रविवारी कडक नेहमीसारखा उभा राहिला. "माझा फोड गेला होता. रोग गेला नव्हता. आणि माझ्याकडून तो दुसऱ्या माणसाला झाला." भाची मागे उभी होती. तिनं मान खाली घातली नाही.

"श्रद्धा कमी पडली असेल," बाबा म्हणाले.

सिस्टर दारातच होत्या. यायचं त्यांच्या मनात नव्हतं. "बाबा, लेप न लावता कुणाचा फोड गेला, तर ते कुणाचं तेज?"

"असं होतच नाही."

"माझा गेला," रुमाल बांधलेली एक मुलगी कोपऱ्यातून म्हणाली. "गेल्या दोन रविवारी गर्दी बघून परत गेले. आज नंबर लागला, तर फोडच नाही."

"माझ्या दारापर्यंत आलीस, त्याचं फळ."

"मग लेप कशाला देता? दारच दाखवा ना."

या वेळचा हशा बाबांना मानवला नाही.

सिस्टर दमल्या आवाजात बोलल्या. "हसू नका, तपासून घ्या. फोड गेला म्हणजे रोग गेला, हे डोळ्यांना वाटतं. रक्ताला विचारल्याशिवाय कळत नाही. कंडोम वापरा, दर वेळी. त्यानं धोका खूप कमी होतो, पण सगळा नाही, म्हणून तपासणीही करा, आणि जोडीदारालाही आणा. दवाखान्यात तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. मी ठेवू देणार नाही."

सोमवारी नऊ जण आले. गोदामात साठ तरी होते. बाबांनी पुढच्या महिन्यात दुसरीकडे बस्तान मांडलं.

भाचीनं लग्न पुढे ढकललं, मोडलं नाही. पुढच्या तपासणीचा दिवस तिनं स्वतः वहीत लिहून घेतला आणि सिस्टरांना म्हणाली, "त्याचा रिपोर्ट मी वाचणार, माझा तो वाचेल. मग ठरवू."

"शहाणी आहेस," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला बाही वर करायला सांगितलं.