सहा भाजलेले बटाटे

डॉक्टर नरेंद्र यांनी उभी हयात माणसांना ऑपरेशनच्या आधी भूल देण्यात घालवली आणि त्यात त्यांचा हात कधी थरथरला नाही. पण त्या शनिवारी दुपारी न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरातून गाडी बाहेर काढताना त्यांनी कोरड्या काचेवर वायपर चालवले आणि शेजाऱ्यांची कचऱ्याची पेटी आडवी केली. होणाऱ्या व्याह्यांना ते पहिल्यांदाच भेटणार होते.

मुलगी चारुता मागच्या सीटवर बसून त्यांना शेवटच्या सूचना देत होती. तिने बुद्धभूषणशी लग्न ठरवलं होतं. मुलगा गुणी होता, औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्राचं काम करायचा, आणि नरेंद्रांना तो मनापासून आवडला होता. त्याचे आईवडील नुकतेच नागपूरहून आले होते. वडील शंकरराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, आई गिरजाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. आता दोघंही निवृत्त. घर आंबेडकरी बौद्धांचं. नरेंद्रांचं घर पुण्याच्या ब्राह्मणांचं. याचं आपल्याला काही म्हणजे काही वाटत नाही, हे नरेंद्र येताजाता इतक्यांदा सांगत, की शेवटी त्यांची बायको मृणालिनी हिने ते वाक्य घरात बंद करून टाकलं होतं.

शिवाय त्यांनी महिनाभर बौद्ध धर्मावर मिळेल ते वाचून काढलं होतं आणि जेवताना काढायचे चार विषयही ठरवून ठेवले होते. चारुताला तो बेत कळला तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"ते लोक टॉपिक नाहीत, बाबा," ती म्हणाली. "आणि एक सांगते. त्यांना आज जरा जरी इन्सल्टेड वाटलं ना, तर आम्ही दोघं सिटी हॉलमध्ये जाऊन लग्नाची सही करू. तुम्हाला फोटो पाठवू."

ही मुलगी जे बोलते ते करते, हे नरेंद्रांना तिच्या तिसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं. एकुलत्या एका लेकीचं लग्न फोनवर आलेल्या फोटोत बघायचं, या कल्पनेने त्यांनी हिरवा सिग्नल असूनही ब्रेक दाबला.

भेटीची जागा बुद्धभूषणने निवडली होती. तो इंग्लंडमधल्या एका बाजाराच्या गावी दोन वर्षं शिकायला होता. दर गुरुवारी तिथल्या चौकात भाजीचा आणि चीजचा बाजार भरायचा, आणि बाजार उठला की सगळं गाव चौकातल्या पबमध्ये जाऊन बसायचं. त्याच गावाची एकदा सहल करून आलेल्या एका अमेरिकन माणसाने प्रिन्स्टनच्या अलीकडे हुबेहूब तसाच पब काढला होता. बुटकं छत, काळ्या तुळया, भिंतीवर शिकारी कुत्र्यांची चित्रं. ना आपलं घर ना त्यांचं, असं सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. तिथली रीतही तिकडचीच होती. टेबलापाशी कोणी विचारायला येत नसे. आपण उठून काऊंटरवर जायचं आणि काय हवं ते सांगायचं.

सगळा घोळ झाला तो या रीतीपायी.

नमस्कार, जय भीम झालं. खुर्च्या सरकवून सगळे बसले. बुद्धभूषण मेन्यूकार्डं वाटायला लागला, तेवढ्यात नरेंद्र ताडकन उठले आणि आज यजमान मी, तुम्ही निवांत बसा, असं म्हणत काऊंटरकडे निघालेसुद्धा. कोणाला काय हवं हे त्यांनी विचारलं नाही. विसरले म्हणून नव्हे, मुद्दामच विचारलं नाही. आपल्या लोकांत "तुम्ही काय खाता" हा प्रश्न नुसता जेवणाचा कधीच नसतो, आणि त्या निसरड्या वाटेवर पाऊल टाकायची त्यांची छाती होईना.

तेव्हा त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. बौद्ध म्हणजे अहिंसा. अहिंसा म्हणजे शाकाहार. पंचशील म्हणजे दारू वर्ज्य. पुढ्यात मासे तळले जात होते, बियरचे ग्लास भरले जात होते, आणि आपल्या तोंडाला सुटलेलं पाणी गिळत नरेंद्रांनी सहा भाजलेले बटाटे सांगितले. त्यावर टोमॅटोच्या गोडसर रसातले बीन्स, बाजूला मटारची हिरवी लापशी आणि सगळ्यांना लेमोनेड. आपल्या त्यागाने त्यांचं त्यांनाच भरून आलं.

बटाटे आले. चारुताने ताटाकडे पाहिलं, मग बाबांकडे. मृणालिनीबाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, पण नरेंद्रांना ती शाबासकी वाटली. शंकररावांनी बटाटा छान आहे असं म्हटलं. थोड्या वेळाने मऊ आहे असं म्हटलं. पुढे बटाट्याबद्दल बोलण्यासारखं काही उरेना, तेव्हा त्यांची नजर हळूच शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे एक गोरा म्हातारा हातभर लांब तळलेला मासा खात होता. गिरजाबाईंनी घसा खाकरला आणि ती नजर परत बटाट्यावर आली. बोलणं हवेवर आलं, न्यू जर्सीच्या हवेवरून नागपूरच्या उन्हावर गेलं आणि तिथेच बसकण मारून राहिलं.

शेवटी गिरजाबाईंनी काटा खाली ठेवला. शाळेत हजेरी घ्यायच्या आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे तुम्ही रोज खाता?"

नरेंद्र गडबडले. नाही, पण तुमच्यासाठी, म्हणजे धम्मात, असं काहीबाही ते पुटपुटले.

"धम्मात काय आहे ते मी तुम्हाला सावकाश सांगेन," गिरजाबाई म्हणाल्या. "आत्ता मला भूक लागली आहे. आम्ही दारू घेत नाही, तेवढं तुमचं बरोबर निघालं. मासे, मटण सगळं खातो. पण तुम्ही विचारलंच नाही. आम्ही काय खावं, कुठे बसावं, हे आम्हाला न विचारता पुष्कळांनी ठरवलं आहे, डॉक्टर. त्यातले काही तर तुमच्यासारखे सज्जनच होते."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. जन्मभर नरेंद्रांचा संबंध भूल दिलेल्या माणसांशी आला होता. त्यांना काही विचारायचा प्रश्नच नसे. आज जागी माणसं समोर बसलेली असताना आपण तेच केलं, हे त्यांना कळलं आणि कानशिलं गरम झाली. सिटी हॉलची इमारत त्यांच्या डोळ्यांपुढे पायऱ्यांसकट उभी राहिली.

तेवढ्यात शंकरराव हसायला लागले.

"आता खरं सांगून टाकतो बाप्पा," ते म्हणाले. "आम्ही गाडीत हेच ठरवलं होतं. हे पुण्याचे बामन, आपण यांच्यासमोर मासा मागवायचा नाही. मघाशी हिनंच खाकरून मला बजावलं, त्या टेबलाकडे पाहू नका म्हणून."

गिरजाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांच्या हाताखालच्या सगळ्या शिक्षकांनी ती नजर ओळखली असती. मग त्यांनाही हसू आवरेना. मृणालिनीबाईंनी आता सगळंच उघडं केलं. आपल्या घरी रविवारी कोळंबी असतेच, आणि नरेनला बियरशिवाय शनिवार साजरा झाल्यासारखा वाटत नाही. गिरजाबाई उठल्या, चारुताला बरोबर घेतलं, प्रत्येकाला नाव घेऊन काय हवं ते विचारलं आणि काऊंटरवर गेल्या. मासे आले, कोळंबी आली, नरेंद्रांसमोर मेंढीचं मटण आणि बियर आली. टेबलावर एकदम गलका झाला. शंकरराव धरणाच्या दरवाजांची गोष्ट हातवारे करून सांगू लागले.

संकट टळलं असं वाटून नरेंद्र जरा सैलावून बसले. नेमकं तेव्हाच गिरजाबाईंनी आपल्या ताटातल्या माशाचा मधला तुकडा तोडला आणि ज्या काट्याने त्या खात होत्या त्याच काट्याने नरेंद्रांच्या ताटात ठेवला.

"मेंढी काय घेतलीत? हे खाऊन बघा," त्या म्हणाल्या.

नरेंद्रांचा हात थांबला.

ते कोणाचंच उष्टं खात नसत. लहानपणी घरात सोवळं होतं, पुढे मेडिकल कॉलेजात जंतू भेटले, आणि दोहोंचं मिळून त्यांच्यात असं काही पक्कं झालं होतं की ते लेकीच्या ग्लासातलं पाणीही पीत नसत. पण हे आता सांगणार कसं? खरं असूनही ते इथे धडधडीत थाप वाटलं असतं. चारुता श्वास रोखून बघत होती. गिरजाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून ते निघून गेलं होतं. असे थांबलेले हात पाहण्याची सवय असलेल्या माणसाचे डोळे होते ते.

नरेंद्रांनी तुकडा उचलला आणि तोंडात घातला. गरम होता, चविष्ट होता, घशाखाली उतरायला मात्र त्याने वेळ घेतला.

"वा," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून शंकररावांनीही चमचा खाली ठेवला. "लग्न झाल्यावर महाबळेश्वरला मी याला माझ्या ग्लासातलं स्ट्रॉबेरी क्रीम दिलं होतं. याने मला थुंकीतल्या जंतूंवर लेक्चर दिलं. हनिमूनला! तेव्हापासून माझ्या ताटातली शेंगदाण्याची चटणीसुद्धा या माणसाने कधी खाल्लेली नाही. आणि आज?"

"म्हणजे हे सगळ्यांशीच असे वागतात?" गिरजाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांशी. बायकोशी, मुलीशी, स्वतःच्या आईशीसुद्धा."

शंकररावांना ठसका लागला. बुद्धभूषण त्यांची पाठ चोळता चोळता स्वतःच हसत सुटला. सुटायला एवढी चांगली फट नरेंद्रांना पुन्हा मिळाली नसती. पण त्यांना त्या फटीतून निघून जावंसं वाटेना. ते गिरजाबाईंकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "हात थांबला तो बराचसा जंतूंमुळे. सगळा जंतूंमुळेच, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. माफ करा."

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर नीट पाहून घेतलं.

"हात थांबलेला मला दिसला," त्या म्हणाल्या. "घास खाल्लात, तोही दिसला. हॉल मी आणि मृणालिनीताई मिळून बघू."

हॉल म्हणजे लग्नाचा हॉल हे ध्यानात यायला नरेंद्रांना वेळ लागला. आलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी बियरच्या ग्लासात तोंड घातलं.

"तुमचं बोलणं झालं असेल तर इकडे बघ," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी आपली अर्धी खाल्लेली कोळंबी काट्यावर धरली होती आणि काटा नरेंद्रांच्या तोंडासमोर आणला होता.

नरेंद्रांनी मुकाट्याने तोंड उघडलं. ती कोळंबी खाली उतरते न उतरते, तोच पलीकडून चारुताचा काटा पुढे आला.