साहेबाची बंदूक

नेऱ्याच्या महादेवाला बाप गेल्याचं दुःख होतंच, पण बापाच्या बंदुकीची काळजी त्याहून मोठी झाली होती. सत्तावन्न सालची गोष्ट. बाप, भगवानदादा, शिमग्यात गेला आणि त्याच्या नावाचं लायसन त्याच्याबरोबर संपलं. पनवेलच्या कचेरीत कारकुनाने महादेवासमोर फॉर्म सरकवला. बंदूक कोणत्या बनावटीची, घरात कशी आली, हे जाणकाराच्या सहीने लिहून आणायचं. परदेशी असेल तर ठीक, गावठी निघाली तर जमा.

आता ती कुठून आली हे नेऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भगवानदादाने म्हणे एका गोऱ्या साहेबाला वाघाच्या तोंडातून सोडवलं, आणि साहेबाने खूश होऊन आपली ठासणीची बंदूक त्याच्या हातात दिली. दर दसऱ्याला पडवीत तिला झेंडू वाहायचे आणि भगवानदादाने ती गोष्ट सांगायची. वाघ दरवर्षी वीतभर वाढायचा, पण कोण बोलणार? महादेवाला ती गोष्ट जिवापाड आवडायची. बंदूक गेली तर बापाचं म्हणून घरात उरायचं काय?

म्हणून तो ती गोणपाटात गुंडाळून पनवेलच्या टपाल नाक्याजवळच्या काशीरामाकडे घेऊन आला. काशीराम मिलिटरीच्या कारखान्यात तीस वर्षं बंदुका दुरुस्त करून आलेला. हात सोन्याचे, जीभ मिरचीची.

"काका, सायबाची हाय. तेवढंच लिवून द्या."

"साहेबाची की सासऱ्याची ते मी ठरवतो. तू बस तिथे."

त्याने बंदूक खोलली, एकेक तुकडा फडक्यावर मांडला आणि उजेडात धरून पाहिला.

"नळी विलायती, पलटणीतली. पुढून वीतभर कापलीय. घोडा भलत्याच बंदुकीचा, ही बघ जुनी भोकं बुजवलेली. आणि दस्ता शिवणीच्या लाकडाचा, तोही कोयत्याने तासलेला. कुठला साहेब कोयता घेऊन बसतो रे?"

महादेव फडक्यावरचा दस्ता उलटसुलट करून बघू लागला.

"आणखी ऐक. गाल टेकून टेकून दस्ता झिजलाय, तो घोड्याच्या, म्हणजे उजव्या बाजूला. म्हणजे चालवणारा डावखुरा. घोडा पडला की जळकी दारू थेट त्याच्या डाव्या गालावर उडणार. तुझा बाप डावखुरा होता काय?"

बाप डावखुरा नव्हता. पण डाव्या गालावर निळे ठिपके असलेला माणूस महादेवाला चांगला आठवत होता. शुक्रा. त्यांच्या शेताच्या बांधावर खोपट बांधून राहणारा कातकरी, भाताची रानडुकरांपासून राखण करायचा. महादेव लहान असताना त्याला ते ठिपके गोंदणच वाटायचे. शुक्राच्या खांद्यावर बसून त्याने करवंदं खाल्ली होती, मधाचं पोळं पाहिलं होतं, कुठल्या पाखराचं घरटं कुठे ते पाठ केलं होतं. तसे दिवस पुन्हा आलेच नाहीत. कारण एक दिवस आईची पितळेची पळी हरवली आणि आईने चारचौघांत शुक्राच्या बायकोचं, पारूचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी खोपट रिकामं होतं. महादेव आठवडाभर बांधावर जाऊन बसत होता.

काशीराम तोवर चापाभोवतीची पितळी कमान चिंचेने घासत होता. काळं निघालं तशी आतल्या अंगाला ठोकलेल्या ठिपक्यांची अक्षरं दिसू लागली. त्याने चष्मा वर करून वाचलं.

"सखू. जासई. ही कोण बाबा?"

महादेवाने वाकून पाहिलं, हरवलेल्या पळीचाच दांडा होता तो. सखूबाई म्हणजे त्याची आई, आणि जासई तिचं माहेर. लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर आजोबांनी तिचं नाव घालून घेतलं होतं.

त्याने काशीरामाला पळीपासून शुक्रापर्यंत सगळं सांगितलं. काशीरामाने ऐकून घेतलं, मग टाक उचलला.

"हे बघ, नळी विलायती आहे, खोटं काही नाही. 'इंग्रजी बनावट' लिहितो. कचेरीत कोण खोलून बघतोय?"

महादेवाने दस्त्यावरच्या त्या झिजलेल्या जागेवर हात फिरवला.

"नको काका. शुक्रानं बनवली आसंच लिवा."

"जमा होईल. मग दसऱ्याला काय पूजशील, कप्पाळ?"

"होऊं दे. तेवढी कमान काढून द्या मला."

घरी सखूबाईने कमान हातात घेतली आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"माजीच हाय. मी त्या बायेला चोर बोलली रं."

सकाळी मायलेक डोंगराखालच्या कातकरवाडीत गेले. शुक्राला वारून सहा वर्षं झाली होती. पारू दाराशी सुपात नाचणी पाखडत होती, केस पार पांढरे. सखूबाईने कमान पुढे केली. पारूने ती ओळखायला क्षणही लावला नाही.

"बंदुकीची पयली लाकडाची कमान मोडली, तवा ही मीच धरली होती बाय, तेनी हातोडीनं वाकवली. आक्षरां आतल्या अंगाला जाऊं दे, आसं तुमचे मालकच बोलले."

"मालकांनीच दिली पळी?"

"मंग कोन देनार?"

"आनि मी तुला चोर बोलली तवा तुजी वाचा गेलती?"

"मालकांना सबूद दिलेला, बंदूक सायबाची बोलायची." पारू पाखडतच राहिली. "मला वाटलं, मालक सांगतील तुमाला रातच्याला."

महादेवाला बापाचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी दसऱ्याला रंगात येऊन वाघ वाढवणारा बाप डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

सखूबाई आत शिरून चुलीपाशी बसली. त्या वाडीत तिच्या घरचं कुणी आजवर पाणीसुद्धा प्यालं नव्हतं.

"चुलीवर काय हाय?"

"नाचनीची पेज. पन बाय, तुमी..."

"वाढ."

पारूने कुडाच्या भिंतीला खोचलेली, पेज वाढायची करवंटीची डवली काढली. दुसरी डवली नव्हती, आणि वाढायला पितळेची पळी त्या घरात कधी नव्हतीच. सखूबाई त्या डवलीकडे बघत पेज प्याली आणि वाटी पुन्हा पुढे केली.