जागेवर नसलेलं पुस्तक

“एकही प्रत मागे ठेवलेली नाही, एवढंच लिहिलंय,” प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी कागद सुनेत्रापुढे सरकवला.

फादर डोनाटोंच्या अनुवादाची टाइप केलेली पानं आणि त्यांची कार्बन प्रत आपण कॉलेजच्या ताब्यात दिली, असा मजकूर होता. तिने विचार करायला एक दिवस मागितला. प्राचार्यांनी तो दिला, आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं, की तिच्या ग्रीन कार्डाचं कुठवर आलंय. ते कागद त्यांच्याच सहीने पुढे जायचे होते.

न्यू जर्सीतल्या त्या कॅथलिक कॉलेजच्या लायब्ररीत सुनेत्रा चार वर्षं कॅटलॉगचं काम करत होती. फादर डोनाटो तिथे इटालियन शिकवत. वय एकाहत्तर, हात कापायचे. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांनी संकोचत विचारलं होतं, की जेवणाच्या सुट्टीत माझं थोडं टायपिंग करून द्याल का. थोडं म्हणता म्हणता वर्षभरात दोनशे पानं झाली.

सातशे वर्षांपूर्वीच्या एका अनवाणी साधूची ती पदं होती. देवाला आळवता आळवता तो मध्येच वळून थेट पोपला जाब विचारायचा, आणि तोही लॅटिनमध्ये नाही, बाजारात बायका बोलत त्या भाषेत. त्यापायी त्याला तळघरात कोंडलं होतं. सुनेत्रा आधी नुसती अक्षरं बडवत होती. मग एका दुपारी पोपला उद्देशून ओळ आली, ‘वाकून तुझ्या अंगठीचं चुंबन घेतलं, तर ओठांना आमच्या गावच्या पिठाची चव लागली.’ तिची बोटं थांबली. डबा तसाच राहिला. त्यानंतर ती वाचत वाचत टाइप करू लागली.

फादरनी प्रस्तावनेत बिशपना ओढलं नसतं, तर कदाचित कुणाचं लक्षही गेलं नसतं. कामगार वस्तीतलं चर्च बंद करून बिशपनी स्वतःसाठी नवं निवासस्थान बांधलं होतं. साधू आज असता तर त्या दारात उभा राहून काय म्हणाला असता, ते फादरनी चांगली चार पानं भरून लिहिलं होतं.

वेस्ट विंडसरला घरी आल्यावर तिने सगळं नवऱ्याला, नरेंद्रला सांगितलं. त्याला ले-ऑफ मिळून आठ महिने झाले होते. इथलं त्याचं राहणं आता तिच्या नोकरीवर अवलंबून होतं, आणि हे दोघांनीही कधी उच्चारलं नव्हतं. त्याने उठून टीव्ही बंद केला.

“साइन करून टाक,” तो म्हणाला. “पोपचं नि त्यांचं भांडण. आपला काय संबंध?”

“अहो, सगळं मी टाइप केलंय.”

“मग? त्यांनी पेपर्स विथड्रॉ केले तर रेखाला काय सांगायचं? शाळा सोड, सामान भर?”

आतल्या खोलीत त्यांची मुलगी रेखा अभ्यास करत होती. सुनेत्रा उठून स्वयंपाकाला लागली.

सकाळी ती ठरवून निघाली, की सही करायची नाही. फादरना आधी सांगावं म्हणून ती वाचनकक्षात गेली. ते खिडकीपाशी कोट न काढताच बसले होते. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सही करा,” ते म्हणाले. “मी काल केली. माझ्याकडची पानंही दिली.”

तिला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, असं होतं तर एवढं लिहिलं कशाला?

“लिहिताना ठाऊक नव्हतं, की मी इतका भित्रा आहे. तो तळघरात राहिला. मला खोलीत हीटर लागतो.” कोट घट्ट ओढून घेत ते म्हणाले, “तुम्हाला तर मुलगी आहे.”

त्यांनी माफी मागितली असती तर तिला राग तरी आला असता. तिने आपल्या टेबलाच्या खणातून कार्बन प्रत काढली, वरच्या मजल्यावर नेऊन दिली आणि सही केली. पेन प्राचार्यांचंच होतं. ते थँक यू म्हणाले.

ईस्टरच्या आधीच फादरना पेनसिल्व्हेनियात, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात पाठवलं. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनी लायब्ररीला दिलेलं साधूच्या पदांचं मूळ इटालियन पुस्तक प्राचार्यांच्या कपाटात गेलं, आणि कॅटलॉगमधून त्याची कार्डं काढायचं फर्मान सुनेत्राकडे आलं. दर पुस्तकाची तीन कार्डं असत. तिने लेखकाचं काढलं, शीर्षकाचं काढलं. विषयाच्या खणात तिसरं कार्ड सापडलं, तेव्हा तिचं बोट त्यावर थोडा वेळ टेकून राहिलं. मग तिने खण आत ढकलला आणि तिन्ही काढली म्हणून कळवलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. पुढे महिनाभर प्राचार्यांचा फोन आला की तिची नजर आधी विषयाच्या खणाकडे जायची.

ग्रीन कार्ड शहाऐंशीत आलं. नरेंद्रने पेढे केले. सुनेत्रा मात्र नोकरी सोडते सोडते म्हणत तिथेच राहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाल कोट घातलेली एक विद्यार्थिनी चिठ्ठी घेऊन काउंटरवर आली. विषयाच्या कार्डावरून तिने नंबर उतरवून घेतला होता. शेल्फवर त्या नंबराचं पुस्तक नव्हतं. हरवलंय का, तिने विचारलं.

सुनेत्राने मागे पाहिलं. मुख्य ग्रंथपाल टेबलावर काही लिहीत होते.

“नाही,” ती म्हणाली. “पुस्तक आहे. जागेवर नाही.”

“मग कधी मिळेल?”

ते तिला माहीत नव्हतं. तिने मागणीची वही उघडली, तारीख घातली आणि मुलीला नावाचं स्पेलिंग विचारलं.