पाना न लागलेलं इंजिन

आमच्या दादाला इंजिन कळतं, आणि माणूस त्याहून जास्त कळतो. यातली दुसरी गोष्ट मला फार उशिरा समजली.

गाडी मूळची त्याचीच. त्याने नवी घेतली तेव्हा ही मला विकली आणि वर ऐकवलं, "बाहेर गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत. पण तू घरची. इंजिनाला पाना लागलेला नाही, डोळे झाकून चालव." मी डोळे झाकले. तरी बापाच्या गॅरेजात वाढलेली मुलगी, म्हणून बोनेट उघडून इंजिनावरच्या जाड झाकणाची, हेडची, कड तेवढी बघून घेतली. आमच्या बाजाराची एक रीत आहे. इंजिन तापून हेड वाकलं की ते फेसिंगला जातं, म्हणजे मशीनवर त्याचा तळ कापून सपाट करतात, आणि मशीनवाला कडेला पंचने एक ठिपका मारतो. एक ठिपका म्हणजे एक कट. दर कटला हेडची जाडी कमी होते, त्यामुळे दोन ठिपके दिसले की शहाणा माणूस तिसऱ्या कटाच्या नादी लागत नाही. माझ्या हेडवर एकही ठिपका नव्हता.

त्या गाडीतून मी रोज सकाळी बेकरीचा पाव टेकडीवरच्या दुकानांना पोचवते. घर त्या फेरीवर चालतं. गेल्या आठवड्यात चढावर इंजिन उकळलं आणि पाव जिथल्या तिथे राहिला. बेकरीवाला म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबतो. नंतर दुसरी गाडी बघेन. पाव काही तुझ्यासाठी ताजा राहत नाही."

दादाने हेड खोललं, उलटं ठेवलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून फट मोजायची फिलरची पातळ पाती सरकवून पाहिली. "किंचित वाकलंय. फेसिंग नको. नवीन गॅसकेट टाकतो, बसेल."

मी जाड पाती घेतली. तीसुद्धा मधोमध आरपार गेली. "दादा, ही जायला नको. असंच बसवलं तर नवीन गॅसकेटही जळेल."

"मेकॅनिक कोण, तू का मी?"

आता हा माणूस स्कूटरचं हेडसुद्धा फेसिंगला पाठवल्याशिवाय बसवत नाही. गिऱ्हाइकं त्यावरून त्याच्या नावाने बोटं मोडतात. माझ्याच वेळी त्याला फेसिंग नको झालं, तेव्हा मला वाटलं, बहिणीचा खर्च वाचवतोय. मला भरून आलं. इतकी मी बावळट.

तो हेडखाली बसणारं गॅसकेट आणायला बाजारात गेला आणि मी हेड गोणपाटात गुंडाळून गल्लीच्या टोकाला फेसिंगचं मशीन चालवणाऱ्या व्हर्नियरकाकांकडे नेलं. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. मापाशिवाय हा माणूस चहात साखरही घालत नाही. म्हटलं, खर्च मी करते, दादाला काय त्याचं.

"आधी कधी फेसिंग झालंय?" काकांनी विचारलं.

"कधीच नाही. दादाचीच गाडी होती."

त्यांनी चारही कोपरे मोजले, चष्मा पुसला, पुन्हा मोजले. "पोरी, याचे दोन कट झालेत. आता मापाच्या काठावर आहे."

"मग ठिपके?"

त्यांनी रॉकेलचा बोळा कडेवरून फिरवला. ओतलेल्या धातूची कड कशी खरखरीत असते, तशीच ती होती, फक्त एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत. "कानस मारून पुसलेत. कट बाहेर कुठेतरी मारून आणलेत, इथे आलं असतं तर मला आठवलं असतं."

मी वाकून पाहिलं. कानशीच्या रेघा उलट्या बाजूला कललेल्या होत्या. आमचा दादा डावखुरा. आमच्या घरातल्या प्रत्येक कडीवर, प्रत्येक बिजागरीवर त्या उलट्या रेघा आहेत आणि त्या बघतच मी लहानाची मोठी झाले. दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नव्हती. परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"आणखी एक हलका कट मारता येईल," काका म्हणाले. "वर जाड गॅसकेट टाकलं तर गाडी चालू होईल, कदाचित काही महिने चालेलही. पण भरल्या गाडीने चढ चढताना हेड तडकलं तर इंजिन बंद पडणार, आणि इंजिन बंद म्हणजे ब्रेकही दगड, पाय रोवला तरी दबत नाही. मारू का नको, ते तू सांग."

मी काही बोलायच्या आत दादा दारात आला. त्याने हेड पाहिलं, काकांच्या हातातलं व्हर्नियर पाहिलं.

"आणलंसच शेवटी," तो म्हणाला.

"कानस तू मारलीस."

"दोनदा तापली होती माझ्याकडे. पण तुला दिली तेव्हा चालत होती ना?"

"मलाच का दिलीस? गिऱ्हाइकं तर रांगेत होती."

"अगं, बाहेरचा माणूस चार ठिकाणी दाखवून घेतो. हेड मोजतो. बिघडली की दारात येऊन तमाशा करतो." तो मला कामाची गोष्ट समजावून सांगत होता, नेहमीच्याच प्रेमाने. "तू घरची. तू मोजणार नव्हतीस."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता असं करू," त्याने आवाज उतरवला. "काका हलका कट मारतील. जाड गॅसकेट टाकतो, सोमवारी तुझा पाव निघेल. दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी गळ्यात बांध. कडेवरच्या ठिपक्याचं मी बघतो."

क्षणभर मला सोमवार दिसला, बेकरीवाल्याचं तोंड दिसलं. मग चढावर ही गाडी चालवणारा कुणीतरी दिसला, डोळे झाकलेला.

"कट मारायचा नाही, काका," मी म्हटलं. "हे भंगारात टाका."

"आणि सोमवार?" दादाने विचारलं.

"गेला तर गेला."

तो वळला आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण थोड्याच वेळात धापा टाकत परत आला, खांद्यावर एक हेड घेऊन. ते त्याने टेबलावर ठेवलं.

"हे घे. कधीतरी लागेल म्हणून स्वतःसाठी ठेवलं होतं. कोरं आहे. पैसे नकोत. आजच बसवून देतो." मग तो पुढे म्हणाला, "आईची शपथ."

आमच्या घरात आईच्या शपथेवर भांडणं मिटतात. लहानपणापासून मी त्या शब्दापुढे बोललेली नाही.

"काका, मोजा," मी म्हटलं.

"अगं, शपथ घेतली ना मी."

"मोजा."

काकांनी कोपरे मोजले. पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवली. खालून सगळ्यात पातळ पातीही शिरेना. कडा चारही बाजूंनी खरखरीत होत्या. "पूर्ण माप आहे," ते म्हणाले. "खरंच कोरं आहे, पोरी."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला होता, शिवी दिली असती तरी त्याला चाललं असतं. सोमवारचा पाव वेळेवर पोचणार होता, माझी फेरी वाचली होती, आणि या खेपेला भाऊ खरं बोलला होता. मी दोन्ही हातांनी ते हेड उचललं आणि दुसऱ्या बाजूने फिरवून काकांपुढे ठेवलं.

"पुन्हा एकदा मोजा," मी म्हटलं.