मुरत घातलेली माती

आमच्या भांड्यांच्या कारखान्याच्या तळघरात मातीचे दोन हौद आहेत. एकातली माती वापरायची, दुसरा भरत जायचा. आजोबांच्या पिढीनं भरलेली माती आम्ही चाकावर घेतो. आम्ही भरू ती आमच्या नातवंडांची. साठ वर्षं ओलसर मुरलेली माती बोटांखाली लोण्यासारखी वळते.

अडचण एवढीच, की मला मूलबाळ नाही. धाकट्या भावाला आहे, आणि आता नातही झाली. अठरा दिवसांची. सगळे तिचं नाक कुणावर गेलं यावर वाद घालत होते आणि मी, चौसष्ट वर्षांचा घोडा, त्या बोळक्या पोरीवर जळत होतो. टेकडीतली चांगली माती संपत आलेली. उरलीसुरली मी कंबर मोडून खणायची, आणि ही बया तिच्यावर नाव कमावणार. माझं नाव तरी तिला ठाऊक असेल का?

म्हणून भरायच्या हौदाच्या उरलेल्या कोपऱ्याचा तळ मी नदीकाठच्या रेताड मातीनं भरला. वर हातभर टेकडीची माती पसरली. बाकीची चांगली माती घरामागे ताडपत्रीखाली दडवली, माझी मला. धाकट्यानं वरची माती चिमटीत चोळून पाहिली आणि म्हणाला, दादाचं काम म्हणजे बघायलाच नको. लाज वाटायला हवी होती. मला बरंच वाटलं.

महिन्याभरात जुन्या हौदाच्या शेवटच्या कोपऱ्यात फावडं घातलं, तर ते करकरलं. तळाला नुसती रेती. चाकावर घेतली तर भांडं काठाशीच फाटलं. दोन वर्षं पुरली असती एवढी माती हातची गेली होती. माझं डोकं फिरलं. हे करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला.

"पिढ्या कुठल्या काढतोस, दादा?" धाकटा म्हणाला. "तो कोपरा धाकट्या आजोबांनी भरलेला. त्यांना कुठं पोरबाळ होतं?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खाली वाकून फाटलेलं भांडं चाकावरून काढत बसला.

धाकट्या आजोबांचं, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाचं, नाव घरात कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. आज निघालं ते शिव्या घालायला.

पोरीवरची जळजळ गेली होती असं नाही, अजूनही आहे. पण मी फावडं उचललं आणि भरलेल्या हौदावरची फळी सरकवली.

"तो कशाला उकरतोस?" धाकट्यानं विचारलं.

"खाली रेती आहे," मी म्हणालो. "मी घातलीय."