नवव्या झऱ्याची ओळ

लुओबाईंनी आपली उभी हयात एका संशोधनपत्रिकेत, इतरांचे तक्ते तपासण्यात घालवली होती. चीनमधल्या ग्वेयांग शहरातल्या विद्यापीठाच्या वसाहतीत त्यांच्या नजरेखालून गेल्याखेरीज कोणी लेख छपाईला धाडत नसे. तक्त्याला आडव्या रेघा तीनच, हा त्यांचा दंडक. उभी रेघ दिसली की त्या विचारत, आकड्यांनी असा कोणता गुन्हा केला की त्यांना गजांआड बसवले?

त्या रविवारी लेख घेऊन आला तो त्यांचा मुलगा जिंग्येन. त्याच विद्यापीठात तो पाण्याचा अभ्यास करी. पन्नाशी जवळ आली तरी अजून सहप्राध्यापकच होता. हा लेख यंदा छापून आला तर प्राध्यापकपद ठरलेले. लुओबाईंनी तर ही वार्ता वसाहतीत घरोघरी पोचवलीही होती. डोळे मिटण्याआधी मुलाला त्या पदावर पाहावे, एवढी एकच आस त्यांनी उराशी जपली होती.

रेघा आणि दशांशचिन्हे तेवढी बघून दे, असे सांगून जिंग्येन शेंगा सोलायला बसला. लुओबाईंनी भिंग उचलले. एकाच खोऱ्यातली नऊ गावे, त्यांचे नऊ झरे. पुढे पाण्याचे तापमान आणि त्यातले विषारी आर्सेनिक. आर्सेनिकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकेक छोटी आडवी खूण होती. या खुणेचा अर्थ ठरलेला: शोधले, पण सापडले नाही. जे शोधलेच नाही, त्याचे रकान्यातले घर रिकामे सोडायचे.

नवव्या ओळीत मात्र तापमानाच्या घरातही तीच खूण होती.

लुओबाईंनी ती ओळ भिंगाखाली पुन्हा वाचली. हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात येणार नाही, हे त्या पुरते जाणून होत्या. भिंग खाली ठेवले असते तर सारे सुरळीत पार पडले असते.

"जिंग्येन, या पाण्याला तापमानच नव्हतं का रे?"

त्याचे हात थांबले. दरड कोसळून वाट बंद झाली होती, असे तो हळूच म्हणाला. त्याची विद्यार्थिनी तांग श्यू अर्ध्या वाटेवरून परतली होती. आठ झरे निर्मळ निघाले, मग नववा तरी वेगळा कशाला असेल?

"तुला वाटतं तसं असेलही. पण खूण काय सांगते? तुम्ही तिथे जाऊन पाहून आलात. उद्या कोणी अधिकारी हे वाचून म्हणेल, पाणी चांगलं आहे, प्या."

"मग ती ओळच काढून टाकतो. आठ झऱ्यांचा लेखही चालेल."

"आणि पुढचा माणूस समजेल, त्या गावाला झराच नाही. कोणी फिरकायचंही नाही तिकडे. ओळ राहू दे. घरं रिकामी ठेव."

रिकामी घरे पाहून संपादक लेख परत धाडतील आणि यंदाची संधी हुकेल, हे त्याने सांगितले. ते लुओबाईंना ठाऊकच होते.

"मी प्राध्यापक व्हावं, ही घाई तुलाच होती ना, आई?"

"होती. अजून आहे."

जिंग्येन उठून सज्जात गेला. शेंगा तशाच पडून राहिल्या. लुओबाईंनी त्याला हाक मारली नाही. पन्नाशीच्या मुलाला दोनदा सांगायचे नसते, असे त्यांचे मत होते. मात्र त्यांचे कान दाराकडेच होते.

बऱ्याच वेळाने तो आत आला आणि संगणकापुढे बसला. दोन्ही खुणा त्याने पुसल्या. निष्कर्षातले 'खोऱ्यातील सर्व झरे' खोडून तिथे 'तपासलेले आठ झरे' असे लिहिले. मग तांग श्यूला फोन लावून वाटेची चौकशी केली. गाडी जात नाही, पण पायी जाता येते, असे तिने सांगितले.

"मग बुधवारी पायीच जाऊ. नमुन्यांच्या बाटल्या धुऊन ठेव," तो म्हणाला.

लुओबाईंनी पान उलटले. दुसऱ्या तक्त्यात दशांशचिन्हे एकाखाली एक नव्हती. ते त्यांनी त्याला चांगल्याच कडक शब्दांत सुनावले.