तीन फेऱ्या

उन्हाळ्यात सुदामला नसांचा आजार झाला. लातूरच्या डॉक्टरांनी जीबीएस म्हणून सांगितलं आणि त्याच्या आईनं, कावेरीबाईनं, उदगीरला येऊन सगळ्या गल्लीला सांगितलं, लेकाला जेसीबी झाला म्हणून. लोक तोंड लपवून हसले. हसोत मेले! चाळिशीचा बाप्या दीड महिना मातीच्या गोळ्यासारखा पडून होता, त्याला याच म्हातारीनं उठवलं-बसवलं, भरवलं. पुढं वॉकर आला. त्याला ती पांगुळगाडा म्हणायची. तो धरून सुदाम दारापर्यंत गेला की शेजारणीला हाक मारायची, "अगं जगदेवी, बघ की, चालायलंय माझं लेकरू!"

पाचव्या महिन्यात एका सकाळी चहा ठेवता ठेवता ती गॅसपुढंच आडवी झाली. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही.

अंगणात तिरडी बांधायला घेतली तशी भावकीत कुजबुज सुरू झाली. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या मारायच्या, त्या लेकानं. आणि या लेकाचे दोन्ही हात तर वॉकरला गुंतलेले. मडकं धरणार कशानं, कपाळानं? शेवटी वैजनाथकाका, सुदामचे थोरले चुलते, जवळ येऊन बसले. "आमचा भुजंग धरंल मडकं. वाईट वाटून घेऊ नको लेकरा. शास्त्राला चालतंय."

"शास्त्राला चालत आसंल, मला न्हाई चालत," सुदाम म्हणाला. "तिला दुसरं लेकरू न्हाई. पडलो तर पडू द्या, पर फेऱ्या मीच मारणार."

स्मशानात त्याला जीपमधून उतरवलं. वॉकर बाजूला ठेवला. एक हात चुलतभाऊ भुजंगच्या गळ्यात, दुसऱ्या खांद्यावर मडकं. अनवाणी तळव्यांना जमीन अजून नीट कळत नव्हती, म्हणून खाली बघून बघून तो पाऊल टाकायचा. काकांनी दगडानं मडक्याला भोक पाडलं, धार लागली. धडधाकट माणसाला तीन फेऱ्या पुरतं तेवढं पाणी, सुदामच्या पहिल्याच फेरीत सरत आलं.

असलं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मग काकांनीच हातपंपावरून कळशी भरून आणली आणि मागून चालत मडक्यात ओतत राहिले. हे कुठल्या शास्त्रात बसतं देव जाणे, पण म्हाताऱ्याचे डोळे घळाघळा वाहत होते. त्यांना विचारायची कुणाची छाती होती?

दुसऱ्या फेरीत गुडघा दोनदा दुमडला. भुजंगनं सावरलं. तिसऱ्या फेरीत मात्र नवल झालं. पाय आपोआप पडायला लागले, एकामागं एक, पाच महिन्यांत पडले नव्हते तसे. भुजंगला गळ्यातल्या हाताचा भार हलका लागला.

"सुदामदादा," तो कानाशी पुटपुटला, "आरं, पाय चालायलेत तुझे! उचल की पाऊल, थोडंच ऱ्हायलं."

सुदाम जागच्या जागी थांबला. पाण्याची धार त्याच्या टाचेवर पडत राहिली.

"काय झालं? दुखायलंय का?"

"न्हाई रे," सुदामला हुंदका फुटला. "हळू चल. ही फेरी सरली की मायला अग्नी द्यायचा हाय."